मंगळावर बटाटा उगवलेला नाही

‘मंगळावर बटाट्याचं पीक आलं, आता उसाची लागण’ असा मेसेज कोल्हापुरातल्या शेतकरी ग्रुपांवर फिरतोय. खोटा आहे. मंगळावर आजवर एकही बी पेरलेलं नाही. बटाट्याचा प्रयोग झाला तो पेरूत (देश, फळ नव्हे!), लिमाच्या आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्रात: वाळवंटातली खारट माती आणि मंगळासारखं वातावरण केलेली बंद पेटी. खऱ्या मंगळाच्या मातीत परक्लोरेटचे विषारी क्षार आहेत. २००८ मध्ये फीनिक्स यानाला ते सापडले. हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी, म्हणजे उघड्यावर पाणी टिकणं मुश्कील. आणि आपला ऊस तर बारा-अठरा महिने पाणी पितो! नासाच्या अंतराळवीरांनी २०१५ मध्ये अंतराळ स्थानकावर पिकवलेलं लेट्यूस (सॅलडची पालेभाजी) खाल्लं खरं, पण चवीपुरतंच.