मुलींच्या नावावर जमीन होती
लेख आवडला, पण ‘मध्ययुगीन जपानमध्ये स्त्रीला मालमत्तेचा हक्कच नव्हता’ हे सरसकट विधान पटलं नाही. कामाकुरा काळात (सुमारे ११८५ ते १३३३) मुलींच्या नावावर जमीन होत असे. तेव्हाच्या लष्करी सरकारचा कारभारी होजो यासुतोकी याच्या १२३२ च्या ५१ कलमी कायद्याने तर निपुत्रिक बाईला मूल दत्तक घेऊन त्याला जमीन द्यायची मुभा दिली होती. कवयित्री आणि भिक्षुणी आबुत्सुचंच बघा ना. नवरा गेला, सावत्र मुलाने होसोकावाची जहागीर अडवली. आपल्या पोराच्या हक्कासाठी ही बाई १२७९ मध्ये क्योतोहून त्या सरकारच्या ठिकाणी, कामाकुराला दाद मागायला निघाली, वाटेतल्या नद्या, घाट, मुक्काम लिहून ठेवत. निकाल लागला तेव्हा ती हयात नव्हती, पण दावा तिच्या मुलानेच जिंकला. पुढे मुलींना जमीन फक्त हयातीपुरती मिळू लागली. ही घसरण लेखात यायला हवी होती.