लिस्बनच्या बाजारातील निळी फरशी

गेल्या शनिवारी लिस्बनच्या ‘फेइरा दा लाद्रा’ या बाजारात सकाळपासून दुपारपर्यंत हिंडलो. ‘लाद्रा’ म्हणजे चोरटी बाई, त्यामुळे मुंबईच्या चोर बाजाराची आठवण होणे अटळच होते. हा बाजार 1882 पासून सांता क्लाराच्या चौकात मंगळवारी आणि शनिवारी भरतो. जमिनीवर अंथरलेल्या चादरींवर गंजलेल्या किल्ल्या, टवके उडालेल्या बशा, तबकड्या आणि कोणाच्या तरी लग्नाचे पिवळे पडलेले फोटो मांडलेले होते.

माझे पाय मात्र निळ्या-पांढऱ्या फरशांपाशी थबकले. ‘आझुलेझु’ म्हणतात ती ही चकचकीत फरशी, साधारण 14 सेंटिमीटरची. हातात घेऊन उलटी केली, तर मागे चुन्याचा थर तसाच चिकटलेला. म्हणजे ती दुकानातून नव्हे, कुठल्या तरी भिंतीवरून इथे आली होती. कुठून आणली असे विचारल्यावर विक्रेत्याने नुसते खांदे उडवले.

फरशांच्या चोऱ्या इतक्या वाढल्या होत्या, की 2007 मध्ये तिथल्या गुन्हे अन्वेषण पोलिसांच्या संग्रहालयाने त्या रोखण्यासाठी ‘एसओएस आझुलेझु’ हा उपक्रम सुरू केला. 2017 च्या कायद्याने तर अपवाद वगळता दर्शनी भिंतींवरील फरशा काढण्यासच बंदी घातली. तरीही माझ्या मते खरा प्रश्न आपल्यासारख्या हौशी गिऱ्हाइकांचा आहे. वाडा पाडलाच जात असेल, तर त्याचे नक्षीदार खांब आणि दरवाजे कोणी विकत घेऊन वाचवले, याला माझी हरकत नाही. पण उभ्या घराच्या भिंतीवरून एकेक फरशी उचकटली जाते, ती केवळ तिला गिऱ्हाईक आहे म्हणून. शिवाय यातल्या बऱ्याच नक्षींमध्ये चार फरशा जुळल्या की एक फूल पुरे होते. माझ्या हातात पाव फूल होते, आणि उरलेले पाऊण कुठल्या भिंतीवर वाट पाहत असेल कोण जाणे!

फरशी परत ठेवली. पलीकडच्या चादरीवर नाण्यांचा डबा होता. त्यात 1882 चा चांदीचा ‘उमा रुपिया’, म्हणजे एक रुपया, सापडला, एका बाजूला पोर्तुगालचा राजा लुईश पहिला, दुसऱ्या बाजूला ‘इंदिया पोर्तुगेझा’, म्हणजे पोर्तुगीज भारत. इंग्रजांशी 1878 मध्ये झालेल्या करारानंतर गोव्यातले हे नाणे ब्रिटिश रुपयाच्या वजनाचे झाले. नाणे मुळात हातोहात फिरण्यासाठीच पाडलेले असते, त्यामुळे ते घेताना मन खात नव्हते. (चौकालगतच्या राष्ट्रीय पँथिऑनमध्ये, म्हणजे थोरांच्या समाधी-स्मारकांच्या वास्तूत, गोवा जिंकणाऱ्या आफोन्सु द आल्बुकेर्कचे स्मारक आहे. त्याच्या सावलीत गोव्याच्या रुपयाची घासाघीस करताना मला थोडी गंमत वाटली, हे कबूल करतो.)

“गोवा?” विक्रेत्याने विचारले. “शेजारी, सावंतवाडी,” मी म्हणालो. त्याला काही उमगले नसावे. पण दोन युरो त्याने कमी केले. रुपिया आता सावंतवाडीच्या मामांच्या डब्यात जाईल.