हवे तेवढे खा, पण खा तरी!

आज सगळं खानदान घेऊन नाशिकजवळच्या गिरणाऱ्याच्या पुढे एका पेरूच्या बागेत गेलो होतो. घरी आले, चहा झाला, तरी डोकं शांत होईना म्हणून लिहितेय. लांबलचक होणार आहे, आधीच सांगते.

दिवस सुरू झाला झकास. रविवार म्हणजे आधी मिसळ, मग बाकीचं. गाडीत सासऱ्यांचं व्याख्यान: सरदार पेरू म्हणजेच लखनौ-४९, नाव लखनौचं असलं तरी निवड झाली आपल्या पुण्यात, गणेशखिंडीत, वगैरे. बागेत गेल्यावर कळलं, झाडं तैवान पिंकची. सासरे हिरमुसले. पोरं खूश, कारण आतून गुलाबी!

बागेचा नियम सरळ. माणशी तिकीट, आत हवे तेवढे खा, घरी न्यायचे ते काट्यावर तोलून. हे 'हवे तेवढे' वाचलं की आपल्या लोकांच्या अंगात काय संचारतं देव जाणे. आमच्या शेजारच्या ओळीत एक गॉगलवाले बाबा, खांद्यावर मुलगा. मुलगा फांदीसकट पेरू ओढायचा, एक चावा घ्यायचा, "कच्चाय" म्हणायचा आणि फेकायचा. बाबा लगेच पुढच्या झाडाशी. आई व्हिडिओ काढतेय. आणि त्यांच्या मागून बागवाल्या दादांची म्हातारी आई पाटी घेऊन ते उष्टे पेरू वेचत चाललेली. चकार शब्द नाही.

अहो, पेरू लिंबाएवढा झाला की त्याला फोमची जाळी घालतात, वरून पिशवी बांधतात. एकेका फळाला, हाताने. फळमाशीने डंख मारू नये, डाग पडू नये म्हणून. पावसाळ्याच्या तोंडाला आलेल्या फुलाचं फळ आत्ता कुठे हाताशी येतंय. आणि हे एक चावा घेऊन फेकणार!

पुढचा कहर ऐका. गॉगलवाले दादांना म्हणतात, "द्राक्षं कुठेत? नाशिकला द्राक्षं नाहीत?" ऑक्टोबरमध्ये! शेजारच्याच बागेची छाटणी झालेली, नुसत्या काड्या उभ्या, बायका काड्यांवरच्या डोळ्यांना, म्हणजे कोंब फुटतो त्या जागेला, पेस्ट लावतायत. दादा शांतपणे म्हणाले, "साहेब, आत्ता छाटलीय. संक्रांतीनंतर या." तर म्हणे, "मग तिकीट कसलं घेता?" मुंबईचे असतील असं म्हणणार असाल तर थांबा. गाडी एमएच १५ होती, नाशिकची. आपलेच.

त्या पोराची आई तर बांधावरची सीताफळं पिशवीत भरत होत्या. हिरवीगार, डोळे न उघडलेली. ती आढीत घाला नाहीतर कपाटात, दगडच राहणार.

हो, मान्य, 'अनलिमिटेड'चा बोर्ड बागवाल्यांनीच लावलाय, रीलसुद्धा तेच टाकतात. पण बोर्डावर 'चावून फेका' असं लिहिलं नव्हतं.

निघताना मी दादांना म्हटलं, आत खाल्लेल्याचेही पैसे लावा आणि उष्टं टाकलं तर दुप्पट. ते हसले. "ताई, मग येईल कोण? व्यापारी क्रेटला जे देतो त्यापेक्षा हे बरं पडतं." आता यावर मी काय बोलणार? गप्प बसले. गाडीत बसल्यावर परत डोकं तापलं. बरं पडतं म्हणून त्यांच्या आईने लोकांचं उष्टं वेचायचं?

त्या पोरावर मात्र माझा राग नाही. सासूबाई निफाडकडच्या, शेतकऱ्याची लेक. त्या सरळ त्याच्यापाशी गेल्या. "खाली उतर बाळा. पिशवीतून बघ, हिरवा गडद आहे का फिकट झालाय? फिकट असेल तोच धर. ओढायचा नाही, हलकेच पिरगळायचा." पोराने एक तोडला, आमच्या डब्यातलं तिखटमीठ लावलं आणि बियांसकट अख्खा संपवला. मग दुसरा शोधायला स्वतःच निघाला, पिशव्या निरखत, एकेक झाड बघत. काय गोड दिसत होता! बाबा तेव्हा फोनवर होते. म्हणजे शिकवलं तर पोरं शिकतात, शिकवणाऱ्यालाच वेळ नसतो.

पाटीवाल्या आजींना मी विचारलं, एवढ्या उष्ट्याचं काय करता? म्हणाल्या, "शेळ्यांना घालते. पण माजल्यात मेल्या. आता घास टाकला तर तोंड फिरवतात, पेरूच पाहिजे." आणि खदखदा हसल्या. मला काही हसू आलं नाही. बरं, थोडं आलं.

तर दिवाळीच्या सुट्टीत कुठल्या बागेत जाणार असाल तर तिखटमिठाची पुडी न्या, कापडी पिशवी न्या, आणि पोराच्या हातातला पेरू संपल्याशिवाय दुसरा तोडू देऊ नका. 'लहान मुलं आहेत, एंजॉय करू द्या' अशी कमेंट टाकायला कोणाचा तरी हात शिवशिवत असेल. खुशाल टाका. मी आज रात्री जागीच आहे.