बरो प्रेसिडेंटला मत मिळालं, पण कुणाविरुद्ध?

न्यूयॉर्कमध्ये निवडणूक आली की कुणीतरी हमखास विचारतंच, "हे बरो प्रेसिडेंट करतात तरी काय? रद्द करा ना ते पद!" प्रश्न रास्त आहे. पाच बरोंचे (म्हणजे शहराच्या पाच मोठ्या विभागांचे) पाच प्रेसिडेंट, चार वर्षांसाठी थेट लोकांमधून निवडून येतात, आणि हातात काय, तर फीत कापायची कात्री. ब्रुकलिनच्या मार्टी मार्कोविट्झनी बरो सोडून जाणाऱ्यांसाठी विल्यम्सबर्ग पुलावर 'ओय वे!' (म्हणजे 'अरेरे!') अशी पाटी लावून घेतली. पठ्ठ्या बारा वर्षं पदावर होता, पण लोकांच्या लक्षात राहिली ती पाटी!

मुंबईकरांना सांगायचं तर, तिथे वॉर्ड चालवणारा सहायक आयुक्त नेमलेला अधिकारी असतो, आणि प्रभाग समितीचा अध्यक्ष नगरसेवक आपसांत निवडतात. इथे एकट्या क्वीन्सचे 24 लाख लोक आपला प्रेसिडेंट स्वतः निवडतात. एवढा जनादेश, आणि अधिकार शिफारशीपुरता.

पूर्वी असं नव्हतं. शहराचं बजेट, जमिनी, कंत्राटं हे सगळं 'बोर्ड ऑफ एस्टिमेट'च्या हातात होतं. महापौर, कंट्रोलर (शहराचे हिशेब बघणारा) आणि कौन्सिलचा, म्हणजे नगरसेवकांच्या सभागृहाचा, प्रेसिडेंट यांना प्रत्येकी 2 मतं, बरो प्रेसिडेंटना प्रत्येकी 1. म्हणजे पाच बरो एक झाले आणि वरच्या तिघांतला एक जरी फुटला, तरी महापौरांचा खेळ खलास. त्यातून सौदेबाजी व्हायची, भ्रष्टाचारही व्हायचा. 1986 मध्ये क्वीन्सचे बरो प्रेसिडेंट डोनाल्ड मेनेस पार्किंग दंडवसुलीच्या कंत्राटांच्या घोटाळ्यात अडकलेच की. पण बोर्ड बुडालं ते वेगळ्याच कारणाने. ब्रुकलिनची वस्ती 22 लाखांवर, स्टेटन आयलंडची साडेतीन लाख, आणि मत दोघांना एकच. 1989 मध्ये सुप्रीम कोर्टाने एकमताने ते घटनाबाह्य ठरवलं. कोर्टाचं काही चुकलं नाही. पण लोकसंख्येप्रमाणे मतांचं वजन ठरवायचं सोडून शहराने बोर्डच मोडीत काढलं.

आता काय होतं ते बघायचं असेल तर क्वीन्समधल्या क्यू गार्डन्सच्या बरो हॉलमध्ये झोनिंगच्या (कुठल्या जागेवर काय बांधता येईल त्याच्या) सुनावणीला जाऊन बसा. बिल्डरचा वकील रंगीत नकाशे लावतो, युनियनवाले एकसारखे टी-शर्ट घालून येतात, आणि मागच्या रांगेतल्या आजी पार्किंगवरून तावातावाने भांडतात. सगळं ऐकून प्रेसिडेंट शिफारस लिहितो. प्लॅनिंग कमिशनने ती मानली तर मानली.

पद रद्द करा म्हणणारे एक गोष्ट मात्र विसरतात. शहरातल्या 59 कम्युनिटी बोर्डांवर, म्हणजे वस्तीपातळीच्या सल्लागार समित्यांवर, माणसं नेमण्याचं काम याच पाच जणांकडे आहे (निम्मी नावं कौन्सिल मेंबर सुचवतात). एकेका बोर्डावर 50 पर्यंत लोक. सोळा वर्षांची मुलंसुद्धा अर्ज करू शकतात. बारचं दारूचं लायसन्स असो की नवा टॉवर, पहिला आवाज उठतो तो या बोर्डात.

आणि आता तर थेट मत मिळालंय. नोव्हेंबर 2025 च्या सार्वमतात अपील बोर्ड मंजूर झालं. परवडणाऱ्या घरांचा प्रकल्प कौन्सिलने नाकारला किंवा त्यात बदल केले, तर महापौर, कौन्सिलचा प्रमुख म्हणजे स्पीकर आणि त्या बरोचा प्रेसिडेंट यांच्यापैकी दोघे मिळून तो निर्णय फिरवू शकतात. माझे मित्र खूश आहेत, अखेर दात आले म्हणून. मला मात्र यातली मेख खुपते. जुन्या बोर्डात बरोचा माणूस महापौरांना अडवू शकत होता. नव्या बोर्डात त्याच्या मताला धार येते ती आपल्याच बरोतल्या कौन्सिल मेंबरचा नकार मोडताना (कौन्सिल सहसा त्या भागातल्या मेंबरच्याच मताने जातं). सिटी हॉलला, म्हणजे महापौरांना, 'नाही' म्हणायची ताकद काही परत आलेली नाही.

घरं बांधायलाच हवीत, भाडं मीही भरतो. कौन्सिल मेंबरच्या एका नकारावर शेकडो घरं अडायची, तेही बरं नव्हतं. पण 2029 ला उमेदवार मत मागायला दारात येतील, तेव्हा फीत किती कापल्या ते विचारणार नाही. अपील बोर्डात कितीदा महापौरांच्या विरुद्ध हात वर केला, एवढंच सांगा म्हणणार.