‘लिबरल आर्ट्स’मध्ये चित्रकला नव्हतीच : एका फॉरवर्डला उत्तर

अमेरिकेतल्या प्रवेशांचा हंगाम आला की पालकांच्या ग्रुपवर एक मजकूर फिरायला लागतो. त्याचा गोषवारा असा : ‘छोटी लिबरल आर्ट्स कॉलेजं म्हणजे श्रीमंतांच्या पोरांचे चोचले. तिथे सायन्स नसतं, लॅब नसतात. दीड-दोन हजार पोरांच्या कॉलेजातून कोण मोठं झालंय? बी.ए. होऊन नोकरी मिळत नाही, आणि आपल्याकडे त्या कॉलेजचं नावही कुणी ऐकलेलं नसतं.’ (लिबरल आर्ट्स कॉलेज म्हणजे मुख्यतः पदवीपर्यंतच शिकवणारं, कला आणि विज्ञान दोन्हींचे विषय असलेलं छोटं कॉलेज.) यातलं एकच वाक्य अर्धं खरं आहे. ते शेवटी घेऊ.

‘सायन्स नसतं.’ हा सगळा घोळ ‘आर्ट्स’ या शब्दानं केलाय. दहावीनंतर आपल्याकडे आर्ट्स, कॉमर्स, सायन्स अशा वाटा फुटतात, म्हणून ते नाव ऐकलं की आपल्याला कला शाखाच आठवते. युरोपातल्या जुन्या सात ‘लिबरल आर्ट्स’ होत्या व्याकरण, तर्क, वक्तृत्व, अंकगणित, भूमिती, खगोल आणि संगीत. चित्रकला त्या सातांत नव्हतीच. आजही या कॉलेजांत फिजिक्स केलं तरी पदवी बहुतेक ठिकाणी बी.ए.चीच मिळते. फिलाडेल्फियाजवळच्या स्वार्थमोर कॉलेजातून १९६८ साली फिजिक्स घेऊन बी.ए. झालेल्या जॉन मॅथर यांना २००६ साली फिजिक्सचंच नोबेल मिळालं. इंजिनिअरिंगचं म्हणाल तर ते बहुतेक छोट्या कॉलेजांत नसतं, हे खरं. पण स्वार्थमोरमध्ये आहे, मुलींच्या स्मिथ कॉलेजातही आहे.

‘लॅब नसतात.’ पोर्टलंडच्या रीड कॉलेजात १९६८पासून अणुभट्टी चालू आहे. ट्रायगा या संशोधन-प्रशिक्षणासाठीच्या जातीची, २५० किलोवॅटची, खोल पाण्याच्या टाकीत बसवलेली. ती चालवतात पदवीचे विद्यार्थी. इतिहास किंवा तत्त्वज्ञान शिकणाराही चालवू शकतो. अट एवढीच की साधारण वर्षभराचं प्रशिक्षण घ्यायचं आणि मग अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाची लेखी आणि प्रत्यक्ष परीक्षा पास होऊन परवाना काढायचा. या भट्टीवर वीज तयार होत नाही. नमुन्यावर न्यूट्रॉनचा मारा करून त्यात कुठली मूलद्रव्यं किती आहेत ते शोधणं, हे तिचं मुख्य काम.

संशोधनाची गोष्ट थोडी सावकाश सांगायला हवी, कारण फॉरवर्ड लिहिणाऱ्याचा तर्क वरवर बरोबर वाटतो : पीएच.डी.चे विद्यार्थी नाहीत, म्हणजे संशोधन नाही. प्रत्यक्षात पीएच.डी.वाले नसल्यामुळेच उपकरणाला हात लावण्याची पाळी विशीतल्या पोरांवर येते. अ‍ॅमहर्स्ट कॉलेजच्या डेव्हिड हॉल यांच्या लॅबमध्ये अतिथंड रुबिडियमच्या अणूंत कृत्रिम ‘डिरॅक मोनोपोल’ (म्हणजे एकच ध्रुव असलेल्या चुंबकाचं प्रतिरूप) तयार केला गेला. तो शोधनिबंध ‘नेचर’मध्ये २०१४ साली आला, आणि पाच लेखकांत एक जण कॉलेजचा विद्यार्थी होता. याची दुसरी बाजूही आहे. प्राध्यापकाला शिकवण्याचा भार मोठा, सलग काम होतं ते मुख्यतः उन्हाळ्याच्या दहा आठवड्यांत, आणि हाताशी आलेला विद्यार्थी दोन वर्षांत पदवी घेऊन निघून जातो. म्हणून निबंध कमी आणि उशिरा येतात. ज्याला तिसऱ्या वर्षापासूनच पदव्युत्तर पातळीचे विषय घ्यायचेत, त्याला इथे विषयांची यादी तोकडी पडेल.

‘कोण मोठं झालंय?’ १९८९ हे एकच वर्ष घ्या. वैद्यकाचं नोबेल मायकेल बिशप आणि हॅरॉल्ड व्हार्मस यांना मिळालं. बिशप गेटिसबर्ग कॉलेजचे, व्हार्मस अ‍ॅमहर्स्टचे, तेही इंग्रजी साहित्य घेऊन पदवीधर झालेले. रसायनाचं नोबेल ज्या दोघांत विभागलं त्यातले टॉमस चेक आयोवातल्या ग्रिनेल कॉलेजचे.

ट्रान्झिस्टरची कहाणी तर या कॉलेजांतूनच फिरत जाते. तो शोधणाऱ्या तिघांपैकी वॉल्टर ब्रॅटन व्हिटमन कॉलेजचे पदवीधर. दुसरे जॉन बार्डीन हे ग्रिनेलचे फिजिक्सचे प्राध्यापक ग्रँट गेल यांच्या ओळखीचे. शोधाची बातमी १९४८ साली फुटताच गेल यांनी खटपट करून जिथे तो शोध लागला त्या बेल लॅबमधून ट्रान्झिस्टर मिळवले आणि वर्गात शिकवायला घेतले. त्या वर्गातला रॉबर्ट नॉइस १९४९ला पदवीधर झाला, पुढे इंटिग्रेटेड सर्किटच्या (म्हणजे चिपच्या) जनकांपैकी एक ठरला आणि १९६८ साली त्यानं गॉर्डन मूर यांच्यासोबत इंटेल काढली. (कॉलेजनंही इंटेलमध्ये सुरुवातीलाच पैसे घातले. शहाणे लोक.)

यावर रास्त आक्षेप असा की या मंडळींचं मोठं काम पुढे मोठ्या विद्यापीठांत आणि कंपन्यांत झालं. बरोबर. कॉलेजच्या खात्यावर फक्त पहिली चार वर्षं मांडायची. पण मग मोजणीही नीट करा. समजा, एका कॉलेजातून वर्षाला ४०० जण बाहेर पडतात आणि त्यातले ४० पुढे डॉक्टरेट करतात. विद्यापीठातून ७,००० बाहेर पडतात, ३५० करतात. नुसत्या आकड्यांच्या यादीत विद्यापीठ कितीतरी वर दिसेल; प्रमाण काढलं तर कॉलेज १० टक्के, विद्यापीठ ५. फॉरवर्डमधल्या याद्या नेहमी पहिल्या पद्धतीच्या असतात.

‘नोकरी मिळत नाही.’ व्हिसाचे नियम पदवीचं नाव बघत नाहीत. शिक्षणानंतरची १२ महिन्यांची कामाची मुभा आणखी २४ महिने वाढते का, हे आय-२० फॉर्मवरच्या (कॉलेज व्हिसासाठी देतं तो) सीआयपी कोडवर, म्हणजे विषयाच्या सरकारी वर्गीकरण क्रमांकावर ठरतं. अर्थशास्त्रात इथेच फसायला होतं : साध्या अर्थशास्त्राचा कोड ४५.०६०१, त्यावर वाढ नाही. संख्यात्मक अर्थशास्त्राचा ४५.०६०३, त्यावर आहे. विषय नक्की करण्याआधी विभागाला कोड विचारा.

‘नाव कुणी ऐकलेलं नसतं.’ या कॉलेजांशी मराठीचा संबंध दोनशे वर्षांचा आहे. १८१३ साली मुंबईत आलेला मिशनरी गॉर्डन हॉल विल्यम्स कॉलेजचा पदवीधर. त्यानं ज्याचा पाया घातला त्याच अमेरिकन मराठी मिशननं पुढे ‘ज्ञानोदय’ हे मराठी नियतकालिक काढलं.

आता ते अर्धं खरं वाक्य : श्रीमंतांचे चोचले. नामांकित कॉलेजांत राहण्या-जेवणासह वर्षाचा खर्च ८०,००० डॉलरच्या वर जातो, आणि परदेशी अर्जदाराची ऐपत न बघता प्रवेश देणारी कॉलेजं, अ‍ॅमहर्स्टसारखी, मोजकीच. बाकी ठिकाणी आर्थिक मदत मागितली की प्रवेशाची शक्यता घटते.

कॉलेजची स्वतःची जाहिरातही तशीच पारखून घ्यावी लागते. ‘९५ टक्के पदवीधर नोकरीत किंवा पुढच्या शिक्षणात’ हा आकडा बहुधा ज्यांची माहिती मिळाली त्यांच्यापुरताच असतो. २०० पैकी १२० जणांचीच माहिती असेल तर ९५ टक्के म्हणजे ११४; उरलेल्या ८० जणांचं काय झालं ते त्यात नाही. फुलब्राइट आणि गोल्डवॉटर या शिष्यवृत्त्यांच्या याद्याही बाजूला ठेवा, कारण विद्यार्थी व्हिसावरच्या मुलाला अमेरिकेतून त्या मिळत नाहीत. त्याऐवजी प्रवेश विभागाला ईमेलनं तीन गोष्टी विचाराव्यात : किती जणांची माहिती मिळाली, त्यात परदेशी विद्यार्थी किती, आणि उन्हाळी संशोधनाचा पगारी निधी परदेशी विद्यार्थ्यांना मिळतो का.