छप्पर दिसलं म्हणजे पत्ता बरोबर?

‘उपग्रहाच्या फोटोत आता घराचं छप्परसुद्धा स्पष्ट दिसतं. त्यावर पिन टाकून काढलेला डिजिटल पत्ता इंचभरही चुकत नाही, जागेवर जायची गरजच उरलेली नाही.’ हा दावा बराच फिरतोय. (डिजिटल पत्ता म्हणजे जागेच्या अक्षांश-रेखांशावरून बनवलेला छोटा कोड, उदाहरणार्थ गूगलचा प्लस कोड.) मुद्दे वेगवेगळे करून बघू.

स्पष्ट म्हणजे अचूक? सगळी गफलत इथेच आहे. चित्र किती बारीक आहे आणि ते जमिनीवर किती नेमकं बसवलंय, या दोन वेगळ्या गोष्टी. वर्ल्डव्ह्यू-३ उपग्रहाच्या चित्रातला एक पिक्सेल, म्हणजे एक ठिपका, जमिनीवर साधारण ३१ सेंटिमीटरचा असतो. पण जमिनीवर मोजलेले संदर्भबिंदू न घेता बसवलेलं त्याचं चित्र काही मीटर सरकलेलं असू शकतं. गूगल अर्थमध्ये एकाच चौकाची वेगवेगळ्या तारखांची चित्रं पाठोपाठ लावून बघा. चौक कधी इकडे, कधी तिकडे सरकलेला दिसतो.

उंच इमारतींचं तर विचारूच नका. उपग्रह बहुतेकदा तिरका बघतो. ३० अंश तिरक्या फोटोत ३० मीटर उंच इमारतीचं छप्पर पायथ्यापासून सुमारे १७ मीटर बाजूला पडतं. चित्र ऑर्थो केलेलं, म्हणजे सरळ वरून बघितल्यासारखं दुरुस्त केलेलं, असलं तरी ती दुरुस्ती सहसा जमिनीच्या चढउतारापुरतीच असते; इमारत कललेलीच राहते. म्हणून सराईत नकाशेवाले छपराची आकृती काढून ती जोत्यावर सरकवतात. घाईत पिन टाकणारा छपराच्या मध्यावर बोट ठेवतो आणि कोड मिळतो शेजारच्या आवाराचा.

‘कोडच ३ मीटरचा, मग चूक त्याहून मोठी कशी?’ (‘+’ चिन्ह सोडून) अकरा अक्षरी प्लस कोडचा चौकोन साधारण ३ मीटरचा असतो, हे खरं. पण तो निव्वळ अक्षांश-रेखांशाचा हिशोब आहे. फोटो बरोबर की चूक, हे त्याला कळत नाही. दहा मीटर चुकलेला बिंदू दिलात तर तो इमानेइतबारे चुकीच्याच जागेचा ३ मीटरचा चौकोन देतो.

राहिला जागेवर जाण्याचा मुद्दा. रुग्णवाहिकेला छपराचा मध्य नको असतो, फाटक हवं असतं, आणि ते कुठल्या रस्त्याला उघडतं हे वरून बरेचदा कळत नाही. मजले तर एकाच कोडात जातात. फोनचं जीपीएसही मोकळ्या आकाशाखाली पाचेक मीटर इकडेतिकडे जातं, तेव्हा एकट्या त्याच्यावरही विसंबू नये. त्या भागातल्या रस्त्यांवरून दोन-चार वेळा चालून ट्रॅक, म्हणजे चाललेल्या वाटेच्या जीपीएस नोंदी, घ्यावेत आणि चित्रावर टाकावेत. सगळे एकाच बाजूला पडले तर चित्र सरकलंय. आधी ते तेवढं सरकवावं, मग पिन टाकावी.