मालिका सोडली म्हणजे ती हरली?

सिंधुदुर्गातल्या आमच्या शिरोड्यातल्या एकूण एक ग्रुपवर सध्या एक निरोप फिरतोय. माझ्याकडे तो पाच जणांकडून आला, त्यात माझा सख्खा दीरही आहे. मजकूर थोडक्यात असा: सिरीयलमधलं काम सुटलं की नट्या कोकणात नाहीतर गोव्यात येऊन बसतात, चेहऱ्याच्या जोरावर योगा शिकवतात, क्रीम विकतात, वेलनेस म्हणजे नुसता थापांचा बाजार, आणि कोकणाच्या पदरात त्यातून काही पडत नाही. मी सकाळी योगाचे वर्ग घेते आणि मे महिन्यात बचत गटाच्या बायकांबरोबर आमसुलं घालते. त्यामुळे गप्प बसणं मला जमणार नाही.

पहिलं वाक्यच घ्या. ‘काम सुटलं की’. आश्का गोराडियाचं उदाहरण सगळ्यांसमोर आहे. अहमदाबादची मुलगी. ‘कुसुम’मधली कुमुद, ‘लागी तुझसे लगन’मधली कलावती, पुढे ‘नागिन’. पंधरा वर्षांहून जास्त काळ ती छोट्या पडद्यावर होती. 2021 मध्ये तिने अभिनय सोडत असल्याचं जाहीर केलं, पण ‘रेनी’ ही कंपनी त्याआधीच उभी राहिली होती. आणि रेनी मेकअपची कंपनी आहे, वेलनेसची नव्हे. गोव्यातला तिचा योगा ही वेगळी गोष्ट. निरोप लिहिणाऱ्याने असल्या सगळ्या गोष्टींची एकच मोट बांधली आहे. हातात काम असताना बाई पुढचा विचार करते, भागीदार शोधते, मग आधीचं काम सोडते. हेच एखाद्या पुरुषाने केलं तर त्याला आपण दूरदृष्टी म्हणतो.

आणि ते ‘सोडलेलं काम’ काय असतं, हे आपल्या सिंधुदुर्गाने तरी जवळून पाहिलंय. 2016 साली आकेरीच्या वाड्यात ‘रात्रीस खेळ चाले’चं शूटिंग सुरू झालं, तेव्हा पंचक्रोशीतली माणसं बघायला लोटली. मीही मावशीबरोबर गेले होते. एक बाई अंगणातून ओटीवर चढायची, दोन वाक्यं बोलायची, की ‘कट’. कधी लाइट, कधी कोंबडा, कधी मागून जाणारी रिक्षा. मी मोजलं, अकरा वेळा ती त्याच पायऱ्या चढली. बाराव्या वेळी शॉट ‘ओके’ झाला. ती खुर्चीवर टेकली आणि तिने चपलेतून पाय बाहेर काढले, तेव्हा पट्ट्यांचे वळ घोट्यापर्यंत उठलेले दिसले. रोजच्या मालिकेची शिफ्ट बारा तासांची. कामाचे पैसे नव्वद दिवसांनी मिळायचे, हा तर या धंद्यातला वर्षानुवर्षांचा रिवाज. कलाकारांच्या संघटनेने त्यावर कितीदा तरी आवाज उठवलाय. मार्च 2020 मध्ये कोरोनामुळे सगळी शूटिंगं एका दिवसात थांबली. 2021 च्या लाटेत मराठी-हिंदी मालिकांची युनिटं गोव्यात गेली आणि मे महिन्यात गोवा सरकारने तिथलीही परवानगी काढून घेतली. अशा धंद्यात पस्तिशीला टेकलेल्या बाईने दुसरी वाट धरली, तर त्यात हरण्यासारखं काय आहे? मला तरी ते शहाणपणच वाटतं.

दुसरं, ‘चेहऱ्याच्या जोरावर’. चेहरा पहिलं गिऱ्हाईक आणतो, हे खरं. दुसऱ्यांदा डबी घ्यायला मात्र आतला माल लागतो. रेनीमध्ये आश्काबरोबर आशुतोष वलानी आणि प्रियांक शाह आहेत, ज्यांनी आधी ‘बियर्डो’ ही पुरुषांच्या दाढी-केसांच्या निगेच्या मालाची कंपनी उभी केली होती. नुसत्या चेहऱ्यावर भागलं असतं, तर धंदा कळणारे भागीदार कशाला घेतले असते?

योगाच्या वर्गात तर चेहरा अजिबात कामाला येत नाही. माझ्याकडे बाजारात मासे विकणाऱ्या एक काकी येतात. दिवसभर उकिडवं बसून त्यांचे गुडघे गेलेले. पहिल्या दिवशी म्हणाल्या, “बाय, माका खाली बसूक सांगू नको हां.” त्यांच्यासाठी मी खुर्ची आणली. खुर्चीत बसून टाच पुढे सरकवायची, पाय सरळ करायचा, मांडीचा स्नायू आवळून पाच आकडे मोजायचे. तीन महिन्यांनी त्या कठड्याला न धरता पायरी उतरल्या. गुडघा बरा झाला असं मी म्हणणार नाही, झीज तशीच आहे. पण हे शिकवायला शिकावं लागतं, आणि नटीने शिकून घेतलं असेल तर तिच्याकडून शिकायला माझी काही हरकत नाही.

तिसरा मुद्दा थापांचा. इथे निरोपात तथ्य आहे, आणि ते मला मान्य करायलाच हवं. ‘कोकमाच्या गोळ्यांनी वजन उतरतं’ असं सांगणारे व्हिडिओ मी पाहिलेत. आधार काय, तर सालीतलं हायड्रॉक्सीसिट्रिक आम्ल. केरळात माशाच्या कालवणात घालतात त्या कुडमपुळीतही ते असतं, आणि त्या अर्काची नीट परीक्षा झालेली आहे. 1998 मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात ती छापून आली: 135 स्थूल माणसं, 12 आठवडे, काहींना अर्क, काहींना नुसती खोटी गोळी. दोन्ही गटांच्या वजनात लक्षात घेण्यासारखा फरक पडला नाही. सोलकढी प्या, चवीला प्या.

पण उपाय आहे, आणि तो कायद्यात आहे. लठ्ठपणा किंवा मधुमेह बरा करतो अशी औषधाची जाहिरात करायला 1954 च्या कायद्याने बंदी आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीतल्या चेहऱ्यालाही दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केलं तर पन्नास लाखांपर्यंत. ऑगस्ट 2023 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने आणखी सांगितलं, की आरोग्याचे सल्ले देणाऱ्या प्रसिद्ध व्यक्तींनी हा डॉक्टरी सल्ल्याला पर्याय नाही, हे स्पष्ट बोलायला हवं. तेव्हा ती मालिका सोडून आली का, हे विचारू नका. बाटलीवर काय लिहिलंय ते वाचा आणि दावा खोटा असेल तर तक्रार करा.

राहिला कोकणाचा मुद्दा, आणि मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते यावरच. सिंधुदुर्ग 1997 मध्ये पर्यटन जिल्हा झाला. पाहुणे येतात, तेल-मालिश मागतात, आगळ म्हणजे कोकमाचा खारवलेला रस मागतात, भेगाळलेल्या टाचांना लावायला मुठेलाचा, म्हणजे कोकमाच्या बियांच्या तेलाचा, गोळा मागतात. हे सगळं आपल्याच घरातलं. आमसूल कसं होतं ते पाहा: फळ फोडायचं, बिया काढायच्या, सालं त्याच फळाच्या मीठ घातलेल्या रसात बुडवून उन्हात टाकायची, संध्याकाळी गोळा करून पुन्हा रसात. अशी पुटं साल काळी पडेपर्यंत द्यायची, आणि तेही पहिला पाऊस कोसळायच्या आत. त्या दिवसांत आमच्या बायकांच्या बोटांची कातडी आंबटाने सोलवटून निघते.

दोन वर्षांपूर्वी एका वेलनेस ब्रँडने आमच्या गटाकडून माल नेला. जाहिरातीत मालिकेतला ओळखीचा चेहरा होता, पाकिटावर सूर्यास्ताचं चित्र होतं. पैसे पाचव्या महिन्यात आले, तेही मी सोळा फोन केल्यावर. तोवर गटातल्या दोघींनी मुलांच्या शाळेच्या खर्चासाठी उसने घेतले होते. त्या चेहऱ्याचा मला राग आला नाही. नव्वद दिवस पैशांची वाट बघणं काय असतं, ते तिला आमच्याइतकंच ठाऊक असणार. मी तिच्या कंपनीला पत्र लिहिलं, तेही तिलाच उद्देशून: पुढचा माल हवा असेल तर निम्मे पैसे आगाऊ, आणि पाकिटावर गटाचं नाव. गेल्या मे महिन्यात निम्मे पैसे आगाऊ आले. पाकिटावर नाव अजून आलेलं नाही. दुसरं पत्र परवा टाकलंय.